लोखंडाची गोळी आणि जंगलाचा देव : 'मोनोनोके हिमे' चंद्रपुरातून पाहताना

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही नववीच्या मुलांना एक चित्रपट दाखवला. नागपूरला अभियांत्रिकीला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने तो लॅपटॉपवर आणून दिला होता. चित्रपटाची भाषा जपानी, खाली इंग्रजी अक्षरे आणि समोर उर्दू माध्यमाची चाळीसेक मुले-मुली. मी बाजूला उभी राहून जमेल तसे उर्दूतून सांगत होते. अर्ध्या तासानंतर माझे सांगणे कुणालाच नकोसे झाले. एक मुलगी म्हणालीच, "टीचर, आप बैठ जाइए, हमको समझ रहा है."

दोन तास तेरा मिनिटांचा हा चित्रपट संपला तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. तरी कुणी उठले नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "टीचर, इसमें विलन कौन था?" याचे वडील सुरजागडच्या खाणीतून लोहखनिज आणणारा ट्रक चालवतात. मी दोन-तीन नावे उच्चारली आणि प्रत्येक नावाला मुलांनीच हरकत घेतली. मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचा विचार करता करता हा लेख तयार झाला आहे.

हायाओ मियाझाकी यांचा 'मोनोनोके हिमे' हा चित्रपट जुलै १९९७ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला. 'हिमे' म्हणजे राजकन्या. 'मोनोनोके' हे कुणाचे नाव नाही. माणसाला झपाटणाऱ्या, पीडा देणाऱ्या अदृश्य शक्तींना जुन्या जपानीत तसे म्हणत. उर्दूत सांगायचे तर आसेब. स्टुडिओ घिब्लीच्या या चित्रपटासाठी सुमारे १ लाख ४४ हजार चित्रे काढली गेली, ती बहुतांशी हाताने. त्या वर्षी जपानमध्ये 'टायटॅनिक' येईपर्यंत त्याने कमाईचे सर्व विक्रम मोडले. जपानी अकादमीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळवणारा हा पहिला ॲनिमेशनपट. संगीत जो हिसाईशी यांचे आहे. जंगलाची दृश्ये रंगवण्यापूर्वी चित्रकार याकुशिमा बेटावरच्या प्राचीन अरण्यात जाऊन आले होते.

कथा थोडक्यात अशी. काळ सुमारे पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीचा. पूर्वेकडच्या डोंगरात एमिशी नावाची जमात राहते. सम्राटाच्या सैन्याने तिला शतकांपूर्वी मागे रेटलेले आहे. तिच्या वस्तीवर एक प्रचंड रानडुक्कर चालून येते. त्याच्या अंगावर काळ्या-लाल किड्यांसारखे काहीतरी वळवळत असते. तरुण अशिताका त्याला बाणांनी मारतो, पण त्या झटापटीत त्याच्या उजव्या हाताला शाप लागतो. डुक्कर मुळात पश्चिमेकडच्या जंगलाचा एक देव. त्याच्या शरीरात लोखंडाची एक गोळी सापडते. त्या गोळीच्या वेदनेने आणि द्वेषाने देवाचा सैतान झाला. गोळी कुठून आली हे पाहायला अशिताका निघतो. पश्चिमेला त्याला भेटते एबोशी नावाच्या बाईने वसवलेली लोखंडाची वस्ती, तातारा. तिथे जंगल तोडून कोळसा करतात, वाळूतून लोखंड काढतात, बंदुका बनवतात. समोरच्या रानात मोरो नावाची लांडगी आहे आणि तिने वाढवलेली माणसाची मुलगी सान आहे. तिला एबोशीचा जीव हवा आहे. आणि सर्वांच्या वर शिशिगामी आहे, हरणाच्या देहाचा आणि माणसासारख्या चेहऱ्याचा जंगलाचा देव. सम्राटाला अमर होण्यासाठी त्याचे डोके हवे आहे.

अशा चित्रपटाचे आकर्षण काय, असे विचारले की बहुतेक जण दोन उत्तरे देतात. एक, चित्रे सुंदर आहेत. दुसरे, पर्यावरणाचा संदेश आहे. पहिले उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. सुंदर चित्रे जाहिरातीतही असतात आणि मुले जेवण सोडून जाहिराती पाहत बसत नाहीत. दुसरे उत्तर मात्र मला मुळातच चुकीचे वाटते. पर्यावरणाचा संदेश आमच्या मुलांना दर वर्षी ५ जूनला मिळतो. घोषणा होतात, रोपे लावली जातात, फोटो निघतो. त्या संदेशात झाड चांगले आणि कुऱ्हाड वाईट असते. 'मोनोनोके हिमे' असे काही सांगत नाही. कुऱ्हाड कुणाच्या हातात आहे आणि ती त्याने का उचलली, याकडे तो पाहतो.

एबोशीचेच पाहा. ती जंगल तोडते, देवावर गोळी झाडते. सोप्या कथेत ती चेटकीण झाली असती. इथे मात्र आपण तिच्या वस्तीत शिरतो आणि भट्टीचा भाता पायाने दाबणाऱ्या बायका पाहतो. चार दिवस आणि पाच रात्री अखंड चालणारे ते काम आहे. त्या बायका घाम पुसत हसतात, पुरुषांची थट्टा करतात. एबोशीने त्यांना कोठ्यांवरून सोडवून आणले आहे. बाहेरच्या जगापेक्षा इथले कष्ट बरे, असे त्या अशिताकाला सांगतात. आमच्या वर्गातल्या मुलींना या बायका सर्वांत जास्त आवडल्या. कारण उघड आहे. कामाला जाणारी, चार पैसे हाती आल्यावर मोठ्याने बोलू लागणारी बाई त्यांनी घरात किंवा शेजारी पाहिलेली असते.

पुढे एबोशी अशिताकाला आपल्या खासगी बागेत नेते. तिथे कापडात गुंडाळलेले महारोगी बसून बंदुका घडवत असतात. त्यांच्यातला एक म्हातारा पडल्या पडल्या अशिताकाला विनवतो, की हिला मारू नकोस. आमच्या सडलेल्या शरीराला जगात हिनेच एकटीने हात लावला, जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. त्याच वेळी अशिताकाचा शापित हात आपोआप तलवारीकडे जात असतो. मियाझाकींच्या घरापासून जवळच तामा झेनशोएन हे कुष्ठरुग्णांचे जुने निवासस्थान आहे. तिथे जाऊन आल्यावर ही माणसे आपल्याला कथेत आणावीशी वाटली, असे त्यांनी सांगितले आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातला प्रेक्षक हे दृश्य पाहताना वरोऱ्याकडे वळल्याशिवाय कसा राहील? बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन सुरू केले, तेव्हा हाताशी काही कुष्ठरुग्ण होते आणि वाट्याला आलेली जमीन झुडपी, खडकाळ होती. त्या हातांनी विहिरी खोदल्या, शेती केली, पुढे यंत्रमाग आणि कारखाने चालवले. कुष्ठरोग्याला दयेपेक्षा काम द्यावे, हा विचार एबोशीचाही आहे आणि बाबांचाही. फरक कामाच्या जिनसेत आहे. तातारात बंदूक तयार होते. ज्या हातांना जगाने नाकारले त्याच हातांनी घडवलेली गोळी जंगलाच्या देवाला लागते. एका अन्यायाची भरपाई दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर निघते, हे मियाझाकींनी एका बागेत, एका म्हाताऱ्याच्या तोंडून दाखवले. आणखी एक गोष्ट. ज्या बाबांनी ओसाड रान मोडून वस्ती उभारली, त्यांनीच १९८० च्या दशकात इचंपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध जंगल आणि आदिवासी वाचवण्याचे आंदोलन केले. एकाच माणसात एबोशीची जिद्द आणि सानचा आक्रोश दोन्ही राहू शकतात, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे.

आता सानकडे येऊ. लांडग्यांनी वाढवलेले मूल म्हटले की आमच्या पिढीला मोगली आठवतो. १९९३ मध्ये दूरदर्शनवर लागलेली 'जंगल बुक' ही मालिका जपानीच होती हे आम्हाला फार उशिरा कळले. आजची मुले 'डोरेमॉन' हिंदीत पाहतात आणि तो आपलाच समजतात, तसेच ते. किपलिंगचा मोगली ज्या सिवनीच्या जंगलातला, ते जंगल नागपूरच्या पलीकडे आहे, म्हणजे आमच्या शेजारचे. पण मोगली आणि सान यांची तुलना केली की दोन लेखकांचा जंगलाकडे पाहण्याचा फरक दिसतो. मोगली जंगलात राहतो तो हळूहळू सर्वांचा धनी होऊन. आग हातात घेतो, वाघाला मारतो, प्राणी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू शकत नाहीत. शेवटी तो माणसांत परततो. साम्राज्याच्या काळातले ते स्वप्न आहे. सान कुणाची धनी नाही. तिला आपण माणूस आहोत हेच मान्य नाही, आणि लांडगीही ती होऊ शकत नाही. मोरो स्वतः हे जाणते आणि तिला तिची कीव येते. शेवटी अशिताका तिला आवडतो, तरी माणसांना माफ करणे आपल्याला जमणार नाही, असे ती स्पष्ट सांगते. मुलांच्या चित्रपटात नायिका असे म्हणते आणि कथा तिला बदलायला लावत नाही, हे मी प्रथमच पाहिले.

इथे माझ्या एका सहकारी शिक्षकाची हरकत नोंदवली पाहिजे. ते म्हणाले, इतके देव, इतकी भुते. आपल्या मुलांनी हे का पाहायचे? प्रश्न प्रामाणिक आहे, हेटाळणीने उडवून लावण्यासारखा नाही. मी त्यांना आपल्याच कपाटाकडे बोट दाखवले. 'दास्तान-ए-अमीर हमजा'मध्ये देव, परी, जादूगार आणि तिलिस्म यांची काय कमी आहे? ती दास्तान ऐकून कुणाचा ईमान डळमळला नाही. उलट उर्दू गद्य श्रीमंत झाले. आणि जनावरांनी माणसावर फिर्याद करावी ही कल्पना तर आपल्याकडे हजार वर्षे जुनी आहे. दहाव्या शतकात बसऱ्याच्या 'इख्वानुस्सफा' या विद्वानांच्या मंडळाने एक रिसाला लिहिला. त्यात सर्व जनावरे जिन्नांच्या बादशहाच्या दरबारात माणसाविरुद्ध दावा लावतात, की हा आम्हाला गुलाम समजतो, ओझी वाहायला लावतो, कापतो. माणूस आपले श्रेष्ठत्व सिद्ध करू पाहतो आणि प्रत्येक मुद्द्यावर जनावरे त्याला निरुत्तर करतात. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजासाठी मौलवी इक्राम अली यांनी १८१० मध्ये त्याचे उर्दू भाषांतर केले आणि पुढे कित्येक वर्षे ते पाठ्यपुस्तक म्हणून वाचले गेले.

ही तुलना मला महत्त्वाची वाटते ती केवळ हरकतीला उत्तर म्हणून नव्हे. त्या रिसाल्यात निकाल शेवटी माणसाच्या बाजूने लागतो, कारण माणसाला आखिरत आहे, हिशेब द्यायचा आहे. म्हणजे श्रेष्ठत्व जबाबदारीच्या अटीवर मिळते. तिथे निदान दरबार भरतो, ऐकून घेणारा कुणी बसलेला असतो. 'मोनोनोके हिमे'त दरबारच नाही. रानडुकरांचा आंधळा म्हातारा राजा ओक्कोतो म्हणतो की आमची जात दिवसेंदिवस लहान आणि मूर्ख होत चालली, एक दिवस माणसे आम्हाला फक्त मांस म्हणून मारतील. ज्याला बोलता येते असे हे शेवटचेच जनावर असेल, असे ते दृश्य पाहताना वाटते. पुढे शिकारी मेलेल्या डुकरांची कातडी पांघरून त्याच्याभोवती चालतात आणि तो आंधळा राजा आपले मेलेले सैन्य परत आले म्हणून आनंदाने धावत सुटतो. संपूर्ण चित्रपटात यापेक्षा क्रूर प्रसंग नाही. वर्गात त्या वेळी पिन पडली असती तर ऐकू आली असती.

शिशिगामीबद्दलही एक आठवण झाली. हदीसमध्ये येते की हजरत खिज्र यांना हे नाव पडले, कारण ते कोरड्या जमिनीवर बसले आणि ती हिरवी झाली. शिशिगामी चालतो तेव्हा त्याच्या प्रत्येक पावलाखाली रोपे फुलतात. मुलांनी हे साम्य लगेच पकडले. "खिज्र जैसा!" असे एकजण ओरडला. पण दुसऱ्याच क्षणी ती रोपे सुकतात. हा देव दयाळू नाही आणि दुष्टही नाही. तो अशिताकाची गोळीची जखम भरतो आणि शाप तसाच ठेवतो. तो कुणाची प्रार्थना ऐकत नाही, कुणाशी बोलत नाही. त्याची आणि खिज्र यांची बरोबरी होऊ शकत नाही, कारण खिज्र वाट दाखवतात. शिशिगामी वाट दाखवत नाही. मी मुलांना एवढेच म्हटले की जंगल आपल्याशी बोलते, असे आपल्याला वाटते. मियाझाकींच्या मते ते बोलत नाही, फक्त जगवते आणि मारते.

आमच्या भागात हे समजावून सांगावे लागत नाही. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये झाले, पण त्याला नाव ज्याचे, तो तारू गावाचा प्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना मेला असे सांगतात. तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि आदिवासी त्याला देव मानतात. वाघाने मारलेला माणूस देव झाला आणि त्याच्या नावाच्या जंगलात आज वाघ पाहायला जगभरातून लोक जिप्सीत बसून येतात. गेल्या वीस वर्षांत बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावे त्या जंगलातून बाहेर हलवली गेली. आणि उरलेल्या गावांना वाघ आपल्या घराच्या मागे भेटतो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. मोहफुलाचा आणि तेंदूचा हंगाम आला की जिल्ह्यात अशा बातम्या येतात. या बायकांनी जंगल तोडले नव्हते. वाघानेही काही वाईट ठरवले नव्हते. चित्रपटात 'विलन कोण' हा प्रश्न जसा लटकत राहतो तसाच तो इथे लटकतो, फरक इतकाच की इथे प्रेत घरी येते.

माझ्या मते या चित्रपटाच्या आकर्षणाचे मूळ इथे आहे. तो प्रत्येकाची बाजू इतक्या सच्चेपणाने मांडतो की आपल्याला कुणाचा द्वेष करता येत नाही. आणि तरीही कुणाला निर्दोष सोडत नाही. द्वेष हीच त्यातली खरी व्याधी आहे. डुकराच्या अंगावर जे किडे वळवळतात, तेच अशिताकाच्या हातावर, तेच शेवटी ओक्कोतोच्या देहावर येतात. गोळी लोखंडाची असते, पण मारते ती तिच्याभोवती साचलेला द्वेष. ज्या समाजाला गेल्या काही दशकांत आपल्याविषयीचा द्वेष आणि आपल्या मनात उगवणारा द्वेष दोन्ही सांभाळावे लागले, त्यातल्या वाचकाला ही गोष्ट फोड करून सांगण्याची गरज नाही.

तरी या चित्रपटात एक गोष्ट मला खटकते आणि तीच आपल्या जिल्ह्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. मियाझाकींच्या पश्चिमेकडच्या जंगलात माणसे नाहीत. एका बाजूला देव आणि लांडगे, दुसऱ्या बाजूला लोखंडाची वस्ती. मधे जंगलात राहणारा, जंगलातून खाणारा आणि जंगल राखणारा माणूस कुठेच नाही. गडचिरोलीत मात्र आधी तोच आहे. एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा डोंगर माडियांच्या ठाकूरदेवाचा आहे, दरवर्षी तिथे यात्रा भरते. त्याच डोंगराच्या पोटात लोहखनिज आहे. २००७ मध्ये खाणपट्टा दिला गेला, २०१६ मध्ये खोदकाम सुरू झाले, त्याच वर्षी डिसेंबरात माओवाद्यांनी तिथली डझनावारी वाहने जाळली, २०२१ पासून काम पुन्हा जोरात सुरू झाले. देव, लोखंड आणि बंदूक. चित्रपटातल्या तिन्ही गोष्टी हजर आहेत. पण आपल्याकडे चौथीही आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू स्वतः विकला. जंगल तोडायचे की जपायचे या भांडणात, वापरून जपणाऱ्यांचा एक तिसरा पक्ष असतो, हे त्या छोट्या गोंड गावाने दाखवले. मियाझाकींना तो पक्ष दिसला नाही, असे मी प्रथम मनाशी लिहून ठेवले होते.

चित्रपट दुसऱ्यांदा पाहिल्यावर हे मत मला सुधारावे लागले. तो पक्ष चित्रपटात आहे, आपलेच लक्ष सानवर आणि एबोशीवर असते म्हणून तो दिसत नाही. तो पक्ष म्हणजे अशिताका. एमिशी ही केंद्रातल्या सत्तेने डोंगरात रेटलेली जमात. मरणाऱ्या डुकरापुढे त्यांची म्हातारी जाणती बाई डोके टेकवते आणि त्याला मान देण्याचे वचन देते. मारावे लागलेल्या जनावराची माफी मागणारी दुसरी माणसे साऱ्या चित्रपटात नाहीत. मियाझाकींच्या मनात चित्रपटाचे नावही अशिताकाच्या कहाणीवरच होते. 'मोनोनोके हिमे' हे नाव निर्माते सुझुकी यांनी पुढे रेटले. म्हणजे मूळ कल्पनेत केंद्रस्थानी रानातली राजकन्या नव्हती, दोन्ही बाजूंना समजून घेऊ शकणारा एक आदिवासी तरुण होता.

असे पाहिले की शेवट अधिक अस्वस्थ करतो. शिशिगामीचे डोके परत मिळते, तो कोसळतो, उजाड डोंगरावर हिरवळ पसरते. एबोशीचा एक हात गेलेला आहे, ती नव्याने चांगली वस्ती उभारू म्हणते. सान रानात राहणार. अशिताका म्हणतो मी तातारात राहीन, तुला भेटायला येत जाईन. बहुतेक समीक्षक याला समन्वय म्हणतात. पण अशिताकाला घर उरलेले नाही. केस कापून तो गावाबाहेर पडला तेव्हाच गावाच्या लेखी तो मेला. आता तो लोखंडाच्या वस्तीत कामगार होणार. एटापल्ली, भामरागडची किती मुले आज खाणीवर पहारेकरी आहेत, डंपर चालवतात, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला उभ्या राहिलेल्या लोखंडाच्या कारखान्यात नोकरी मागतात! ज्या डोंगराला आजोबांनी हात जोडले त्याच डोंगरावर नातवाची हजेरी लागते. त्याला मी दोष देणार नाही. पगार कुणाला नको असतो? पण याला नुसता 'सुखान्त' म्हणून पुढे जाऊ नये.

हे लिहिताना मी स्वतः कुठे उभी आहे, तेही सांगितले पाहिजे. माझे वडील आरा मशीनवर कामाला होते. आलापल्लीच्या सागवानाचा वास मला अजून ओळखता येतो. आमच्या मोहल्ल्यात कुणी सुतार, कुणी ट्रकवाला, कुणी कोळशाच्या धंद्यात. माझी फी, माझे बी.एड. लाकडाच्या भुशातून निघाले. म्हणजे मीही तातारातलीच. भाता दाबणाऱ्या बायकांचे हसणे मला आपले वाटते, ते त्यामुळे. आणि त्याच आलापल्लीजवळ जुन्या सागवानाचा एक तुकडा न तोडता राखून ठेवलेला आहे, २०१४ मध्ये तो महाराष्ट्रातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरला. तिथे एकदा शाळेची सहल घेऊन गेले होते. एवढ्या उंच झाडाखाली उभे राहिल्यावर वडिलांनी आयुष्यभर काय कापले ते प्रथम कळले. वडिलांविषयीचे प्रेम त्याने कमी झाले नाही. 'मोनोनोके हिमे' पाहताना जो गुंता मनात होतो, तो मला तिथेच पहिल्यांदा जाणवला होता.

मराठीत जंगलाविषयी पुष्कळ चांगले लिहिले गेले. मारुती चितमपल्लींनी पाखरांची आणि झाडांची भाषा दिली. विलास मनोहरांनी 'नेगल'मध्ये हेमलकशाच्या प्राण्यांची आणि 'एका नक्षलवाद्याचा जन्म'मध्ये माडिया माणसाची कथा लिहिली. पण प्राणी एका पुस्तकात आणि माणूस दुसऱ्या पुस्तकात, अशी वाटणी आपल्याकडे राहून गेली. एकाच कथेत वाघ, खाण, मजूर, देव आणि सरकार समान हक्काने उभे आहेत, असे मराठीत किंवा उर्दूत मुलांसाठी मी तरी वाचलेले नाही. ज्या देशाकडे ना ताडोबा ना ठाकूरदेव, त्याने ते करून दाखवले. आपल्या लेखकांनी याची थोडी लाज आणि बरीच उमेद बाळगावी.

पुढच्या शनिवारी मी मुलांना चार ओळी लिहायला सांगितल्या : अशिताकाने शेवटी कुठे राहायला हवे होते? बहुतेकांनी तातारा लिहिले, काहींनी जंगल. ट्रकवाल्याच्या मुलाने लिहिले की तो परत आपल्या गावी गेला पाहिजे होता, अम्मी वाट पाहत असेल. एका मुलीने लिहिले, "उसको बीच में घर बनाना था." मी तिला शाबासकी देणार होते. मग आठवले की तिचे घर जंगलाच्या कडेला आहे, गावाच्या शेवटच्या ओळीत, आणि संध्याकाळी सातनंतर तिची आई तिला अंगणात जाऊ देत नाही. मधे घर बांधणारे आपल्याकडे आहेतच. त्यांना तिथे सुखरूप राहता यावे यासाठी काय करायचे, हे चित्रपटात नाही. मी वही परत देताना तिला एवढेच म्हटले, "ठीक लिखा है, बेटा. अब ये भी लिखो कि बीच में कैसे रहेंगे." ती अजून लिहिते आहे.